पहिलं पाणी

“काय मग, आज तरी राजाला पाणी मिळणार का? की आजही बिचारा तहानलेलाच?”

दारात चपला काढता काढता दाजींनी बार उडवलाच. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. विजेच्या सामानाचं दुकान आहे त्यांचं. दुकानात ढिगानं बटणं असतील, पण दाजींच्या तोंडाला एक नाही. मी चहाचा ट्रे हातात धरूनच म्हटलं, “आधी आत या. राजाचं राजा बघेल, तुमचा चहा गार होतोय.”

“मी आपली साधी चौकशी केली, वहिनी.”

“ही साधी चौकशी करता करता तुमचे केस पांढरे झाले.”

मागून ताई, म्हणजे माझी नणंद, आत आली आणि नवऱ्याला कोपरानं ढोसून माझ्याकडे बघून हसली. तिच्या हसण्यातही थोडी धाकधूक होती. शेवटी भाऊ तिचा.

सुट्टीची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बैठक जमली होती. सासरे त्यांच्या वेताच्या खुर्चीत, खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढलेली. बघायला नव्हे, ऐकायला. काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले. आता त्यांना उजेड आणि सावली, एवढंच कळतं. वरच्या मजल्यावरच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. रिमोट आमच्या लेकीच्या हातात. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून एका नळाचा वायसर काढत होते. तो नळ कुणाचा, देव जाणे. चांगला धडधाकट नळ उगाच उघडून ठेवला होता, असा माझा दाट संशय आहे.

“अहो, बसा की आता,” मी म्हटलं.

“हे एवढं आटोपतो आणि बसतो.”

म्हणजे बसत नाही. इतक्या वर्षांत एवढी भाषा मला येते.

आता हे प्रकरण पहिल्यापासून सांगते, म्हणजे दाजींना मी का टाकून बोलले ते कळेल.

आमच्या घरात नळकाम पिढीजात. आधी सासरे करायचे, मग ह्यांनी हातात पाना घेतला. सासऱ्यांचा एक नियम होता. नवीन जोडणी केली की पहिलं पाणी टाकून द्यायचं. पाइपात कचरा असतो, गंज असतो, चिकटवायच्या रसायनाचा वास असतो. ते पाणी कुणाच्या पोटात जाता कामा नये. हे कामावरून आले की सासरे, दमलास का, जेवलास का, काही विचारायचे नाहीत. खुर्चीतून एकच प्रश्न यायचा, “पहिलं पाणी टाकलंस ना?” हे म्हणायचे, “टाकलं.” झाला संवाद बापलेकांचा. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, ही काय माणसं आहेत! पुढे सवय झाली. इतकी, की मीसुद्धा नवा माठ आणला तरी आधी भरून ओतून देते.

आमची लेक लहान होती तेव्हा गावाबाहेरच्या खाणीत एका सिनेमाचं शूटिंग आलं. साधासुधा सिनेमा नाही. राजे, राण्या, हत्ती, लाकडी फळ्यांचा उभा केलेला किल्ला, हजारभर सैनिक. एवढ्या माणसांना पाणी लागणार, म्हणून टाक्यांचं आणि नळांचं काम ह्यांच्याकडे आलं. एक दिवस काय झालं, भिस्त्याचं काम करणारा माणूस भरलेली नवीकोरी पखाल उचलायला गेला आणि पखालीसकट आडवा झाला. भिस्ती म्हणजे सैन्याला पाणी पाजणारा, आणि पखाल म्हणजे ती चामड्याची पाण्याची मोठी पिशवी. दिग्दर्शक हट्टी. म्हणे, रिकामी पखाल चालायची नाही, चालणारा माणूस वाकलेला दिसला पाहिजे. त्यानं इकडे तिकडे बघितलं, तर आमचे हे खांद्यावर लोखंडी पाइप घेऊन चालले होते. झालं! “ए, तू ये इकडे.”

ह्यांना दाढी चिकटवली, तोंडाला काजळी फासली आणि एक वाक्य दिलं. किल्ला पडलाय, राजा उतारावर जखमी होऊन पडलाय. भिस्ती येतो, त्याला पाणी पाजतो आणि म्हणतो, “महाराज, घोट घ्या. विहीर अजून आपली आहे.” मग राजा उठतो, आणि तिथून पुढे सगळी लढाई फिरते. म्हणजे बघा, अख्खा सिनेमा ह्यांच्या एका घोटावर उभा! असं हे सांगायचे. मावळत्या उन्हात एकदाच घेतला तो प्रसंग आणि दिग्दर्शक म्हणाला, झाला, पुढचा.

त्या संध्याकाळी हे अर्धवट दाढीनिशी घरी आले. लेक घाबरून रडायला लागली. मी खोबरेल लावून ती दाढी सोडवत होते, आणि हे आरशात बघून घुमवून घुमवून म्हणत होते, “विहीर अजून आपली आहे.” पुढे ते वाक्य आमच्या घरात असं रुळलं की विचारू नका. नळाला पाणी आलं की लेक ओरडायची, “विहीर अजून आपली आहे!” डब्यात साखर शिल्लक निघाली की मी म्हणायचे. ज्यांच्या घरी नळ बसवायचे त्यांना हे म्हणायचे.

आणि सासरे? एरवी तोंडातून शब्द काढायला कष्ट पडावेत असा माणूस. पण त्यांनी पाइपच्या दुकानात सांगितलं, बागेतल्या बाकावर सांगितलं, दाढी करणाऱ्याला सांगितलं. सिनेमा लागला तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन अख्ख्या रांगेची तिकिटं काढली. ताई-दाजी, शेजारीपाजारी, दुकानातली माणसं. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

किल्ला पडला. राजा उतारावर कोसळला. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. आणि पुढच्या क्षणी राजा घोड्यावर! ना भिस्ती, ना पखाल, ना घोट. कापलं मेल्यांनी. आम्हाला वाटलं पुढे येईल, मागे आठवण म्हणून येईल. कसलं काय! शेवटी पडद्यावर नावं सरकायला लागली. सासरे सगळी नावं संपेपर्यंत बसले, झाडूवाला आला तरी बसले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “पिक्चर तसा लांबलाच होता.”

त्या दिवसापासून गल्लीत ह्यांचं नाव भिस्ती पडलं आणि दाजींना जन्माचा विषय मिळाला. ते मी सहन केलं असतं. पण एकदा जेवताना दाजींनी फारच ताणलं, “पाणी पाजलं म्हणता, मग राजा घोड्यावर कोरड्या घशानं कसा बसला?” तेव्हा सासरे ताटाकडे बघत म्हणाले, “जाऊ द्या हो. तरुणपणी माणूस बोलतो काहीबाही.”

ह्यांचा घास हातात राहिला. दाजींचं बोलणं हे हसण्यावारी नेत आले, पण बापाचं हे एक वाक्य ह्यांना लागलं ते लागलंच. सासऱ्यांना खोट्याचा भारी तिटकारा. आणि त्यांना वाटलं, आपल्या मुलानं थाप मारली आणि ती आपण गावभर वाटली. हे मला एकदाच म्हणाले, “बाबांना वाटतं मी खोटं बोललो.” त्यानंतर विहिरीचं ते वाक्य ह्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. मी साखरेच्या डब्यावरून म्हणायचे, तेव्हा हे खोलीतून उठून जायचे. मग मीही थांबले.

आणि आता इतक्या वर्षांनी त्याच सिनेमाची मालिका झाली. तेव्हा कापून ठेवलेलं सगळं परत जोडून, लांबच्या लांब, घरी बसून बघायची. बातमी लेकीनं आणली. दिग्दर्शक मुलाखतीत म्हणाला म्हणे, की तेव्हा मी फार जड मनानं कात्री लावली होती. जड मन त्याचं, आणि मान खाली कुणाची!

हे म्हणाले, “नको बघायला. तेव्हा कापलं ते काही उगाच नाही कापलं.”

पण सासरे खुर्चीतून बोलले, “लावा. सगळ्यांना बोलवा. तेव्हा जे होते त्यांना.”

त्यामुळे ही बैठक.

लेकीचा विचार होता, सरळ लढाईच्या भागावर उडी मारायची. सासरे म्हणाले, “उडी नाही. क्रमानं.” आलिया भोगासी म्हणत आम्ही क्रमानं बघू लागलो. काय सांगू तुम्हाला! सिनेमात जी राणी एकदा खिडकीतून बघायची, ती आता चार वेळा बघते. एक प्रधान नुसता जिना उतरतो, उतरतच राहतो. दाजी पलंगाला टेकून घोरायला लागले. बाई म्हणाल्या, “संथ आहे, पण भाषा शुद्ध आहे.” मी मधेच कुकर लावून आले, तरी प्रधान खाली पोचला नव्हता. ताईनं आणि मी राणीच्या दागिन्यांची सगळी चिरफाड केली. चहा झाला, जेवणं झाली, पुन्हा चहा झाला. मजा म्हणजे सासरे सोडून आम्ही सगळे हसत होतो, दारात उभे असलेले हेसुद्धा. सासरे मान खाली घालून कान देऊन बसले होते.

आणि मग किल्ला पडला.

ताईनं दाजींना हलवून उठवलं. ह्यांच्या हातात उगाच फिरणारा पाना थांबला. राजा कोसळला. मी मनात म्हटलं, आता जर घोडा दिसला तर हा टीव्ही मी उचलून गच्चीवरून खाली टाकीन.

घोडा आला नाही. उतार दिसला, धूर दिसला, आणि धुरातून एक वाकलेला माणूस पाठीवर पखाल घेऊन येताना दिसला.

“अगं बाई!” मी ओरडलेच. ती चाल! डावा पाय जरा बाहेर टाकून चालायची ती चाल मी अंधारातही ओळखेन. “हे आहेत! हेच आहेत!”

“कुठं?” दाजी डोळे चोळत पुढे सरकले. “ह्याला तर दाढी आहे.”

“चिकटवलेली आहे!”

“सगळ्यांनाच चिकटवलेली आहे, वहिनी.”

कॅमेरा राजाच्या चेहऱ्यावर गेला. भिस्त्याचे नुसते हात दिसले, मग काजळी फासलेला अर्धा गाल. राजा पाणी प्यायला. आणि भिस्ती बोलला.

“महाराज, घोट घ्या. विहीर अजून आपली आहे.”

वाक्य तेच. शब्दाला शब्द. पण आवाज? खर्जातला, घुमणारा, नाटकात भीष्म करणाऱ्या माणसाचा असावा तसा. आमच्या ह्यांचा आवाज बारीक. फोनवर लोक ह्यांना बाईसाहेब म्हणतात. लेकीनं चित्र थांबवलं.

“हा आवाज माझा नाही,” हे दारातून म्हणाले. चेहरा पार उतरला होता. “दुसऱ्याचा घातलाय. मला सांगितलं नव्हतं कुणी.”

“मेहुणे,” दाजी म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांनाही ते बोलताना जड गेलं, “दाढी कुणाचीही, आवाज कुणाचा तरी, मग त्यात तुमचं काय हो?”

मला इतका संताप आला! ज्याला डोळे आहेत त्याला मी चाल दाखवली असती, गाल दाखवला असता, कानाजवळचा तीळ दाखवला असता. पण ज्यांना दाखवायचं होतं त्यांना दिसत नव्हतं. त्यांना नुसतं ऐकू येत होतं, आणि ऐकू आला तो परका माणूस. हे आत जायला वळले.

“थांब,” सासरे म्हणाले. “मागे घे गं जरा.”

लेकीनं मागे घेतलं. परत परका भीष्म बोलला.

“एवढं नाही. आणखी मागे. राजा पाणी पितो त्याच्या आधी.”

लेकीनं आणखी मागे घेतलं. सासरे खुर्चीत पुढे वाकले, हात कानामागे धरला. पावलांचा आवाज. राजाची धाप. पखालीच्या तोंडाची दोरी सुटल्याचा आवाज. आणि मग खळ्ळकन दगडावर पाणी पडल्याचा आवाज. जरा वेळ गेला, आणि मग ओंजळीत धार.

“पुन्हा.”

पुन्हा. दोरी. खळ्ळकन पाणी. थोडा वेळ. ओंजळ.

सासरे मागे टेकले. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा बघितला नव्हता. सगळ्या सुरकुत्या वर गेल्या होत्या.

“पहिलं पाणी टाकलं त्यानं,” ते म्हणाले.

कुणाला काही कळेना.

“नव्या पखालीचं पहिलं पाणी. वास असतो त्याला चामड्याचा. नट असता तर सरळ राजाच्या तोंडाला लावलं असतं. राजा मरायला टेकलाय, अशात आधी पाणी टाकून देतो कोण?” त्यांनी दाराच्या दिशेनं हात केला. “आवाज कुणाचाही असू दे. हा माझा मुलगा आहे.”

लेक टीव्हीला नाक लावून उभी राहिली. “बाबा! खरंच! हा बघा ना, खाली कोपऱ्यात दगड ओला झालाय. तुम्ही टाकलंय पाणी!”

“मी?” हे पुढे आले, वाकून बघू लागले. “मी कधी टाकलं? मला तर काही आठवत नाही.”

“आठवेल कसं?” सासरे म्हणाले. “रोज आठवून टाकतोस का?”

आम्ही सगळे एकदम हसलो. मी हसता हसता रडतही होते, त्याचं मला काही वाटलं नाही. बाई टाळी वाजवून म्हणाल्या, “मला वाटलं, आधी धरतीला घोट दिला! काय सुंदर कल्पना!”

“धरतीला कसला, बाई,” सासरे म्हणाले. “घाण असते त्यात.”

बाईच सगळ्यांत जास्त हसल्या. लेकीनं ते दृश्य आणखी एकदा लावलं, मग आणखी एकदा, आणि दर वेळी पाणी पडलं की आम्ही ओरडायचो. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं, की काय, सामना जिंकलात का?

गलका थोडा कमी झाल्यावर सासरे म्हणाले, “दाजी, मी एकदा म्हणालो होतो, तरुणपणी माणूस बोलतो काहीबाही. आठवतं?”

“आठवतं,” दाजी हळू म्हणाले.

“ते खोडा. म्हातारपणी माणूस बोलतो काहीबाही.”

हे हातातल्या पान्याकडे बघत उभे राहिले. दाजी उठले, ह्यांच्या हातातला पाना काढून घेतला, खांद्याला धरून त्यांना आणलं आणि पलंगावर स्वतःच्या जागेवर बसवलं. मग मोठ्यानं म्हणाले, “मिळालं बुवा एकदाचं राजाला पाणी! माझा तर धंदाच बसला!” स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले. ताईनं डोळ्याला पदर लावला आणि त्यांना म्हणाली, “आता तरी बटण बंद करा.”

“बोलून बोलून घसा सुकला,” सासरे म्हणाले. “पाणी द्या कुणीतरी.”

मी उठणार, तर हे माझ्या आधी उठले. सकाळी ह्यांच्या हातात होता तो नळ स्वयंपाकघरातलाच, जेवणाआधी ह्यांनी तो परत बसवला होता, म्हणजे संशय माझा खराच होता. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी मोरीत पडत राहिलं. मग आवाज बदलला आणि पेला भरायला लागला. बाहेर खुर्चीत सासऱ्यांनी नुसती मान हलवली.

ह्यांनी पेला आणून त्यांच्या हातात दिला, वर त्यांची बोटं नीट धरवून दिली. आणि इतक्या वर्षांनी, आपल्याच बारीक आवाजात म्हणाले, “बाबा, घोट घ्या. विहीर अजून आपली आहे.”

सासऱ्यांनी पेला एका दमात संपवला. तोंड पुसलं आणि रिकामा पेला पुढे केला.

“लाव गं पुढचं,” ते लेकीला म्हणाले. “लढाई जिंकतो का बघू आपला राजा.”